कारभारीण गेली, कार्ड बंद पडलं: एका ऊसतोड बापाच्या घरचं धान्य

हे प्रकरण बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातलं आहे. अनेक घरांत दिसणाऱ्या अडचणी एकाच घरावर बसवून ते मांडलं आहे, म्हणून कुणाचं नाव दिलेलं नाही. नियम, आकडे आणि कागद मात्र खरे आहेत, तसेच वापरता येतील.

घर असं. बाप चौतिशीतला, ऊसतोड मजूर. बायको मागच्या भाद्रपदात वारली. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. सगळ्यात लहाना अडीच वर्षांचा. बापाची आई, म्हणजे मुलांची आजी, कागदोपत्री थोरल्या भावाच्या कार्डावर आहे, पण सून गेल्यापासून नातवंडांजवळच राहते. रेशनकार्ड केशरी, त्यावर 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का आणि चार युनिट: बायको, बाप, मुलगी, मोठा मुलगा. लहान्याचं नाव कार्डावर चढलेलंच नव्हतं.

बायको असताना महिन्याला चार युनिटचं २० किलो धान्य येत होतं. ती गेल्यावर दोन महिने बाप कंट्रोलवर, म्हणजे रेशन दुकानात, गेला आणि दोन्ही वेळा मशीनवर त्याचा ठसा जुळला नाही. "पुढच्या महिन्याला या," असं ऐकून तो परतला. दसरा झाला, टोळी निघाली, तो जोडीविना, एकटा गडी म्हणून कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, गेला. एप्रिलमध्ये गावी आला तेव्हा दुकानदार म्हणाला, "दादा, तुमचं कार्ड वरूनच बंद झालंय. मी काय करू?"

दुकानदार खोटं बोलत नव्हता. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक वितरण व्यवस्थेच्या आदेशात दुरुस्ती केली. तिच्याप्रमाणे सलग सहा महिने धान्य न उचललेलं कार्ड तात्पुरतं बंद होतं आणि पुढच्या तीन महिन्यांत घरभेट व ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) करून पात्रता पुन्हा ठरवायची असते. शहरातल्या बनावट कार्डांना चाप लावायला हा नियम ठीक आहे. पण ऊसतोडीचा हंगामच पाच-सहा महिन्यांचा असतो. त्यात हंगामाआधीचे एक-दोन महिने हुकले की खऱ्या गरजवंताचं कार्डही याच जाळ्यात अडकतं. मराठवाड्यातल्या स्थलांतरित घरांनी हा सहा महिन्यांचा हिशेब पाठ करून ठेवायला हवा.

आता अडचण नेमकी कुठे आहे ते बघू. हा बाप अपात्र झालेला नाही. ग्रामीण भागात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४,००० रुपये आहे आणि तो आजही त्यात बसतो. गोष्ट अशी की घरातल्या अन्नाचे सगळे कागद बायकोच्या नावावर होते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम १३ प्रमाणे घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात वडीलधारी बाई ही कार्डाची कुटुंबप्रमुख असते. हा नियम बायांच्या हक्काचा आहे आणि तो योग्यच आहे. पण बाई गेली की प्रमुख गेली, मोबाइल नंबर तिचा होता तोही गेला, अंगणवाडीतली नोंद आईच्या नावाची ती अडकली. त्याच कलमात पुढे लिहिलंय की घरात १८ वर्षांवरची बाई नसेल तर सगळ्यात मोठा पुरुष प्रमुख होतो आणि मुलगी १८ ची झाली की प्रमुखपद तिच्याकडे जातं. म्हणजे बापाला प्रमुख व्हायला कायद्याची आडकाठी नाही. "बाईशिवाय कार्ड निघत नाही" असं खिडकीवर कुणी म्हणालं तर हे कलम दाखवावं.

आधी उद्याच्या जेवणाचं

कार्ड सुरू व्हायला आठवडे लागतात, पोरं तोवर थांबत नाहीत. म्हणून ज्याला रेशनकार्ड लागत नाही ते आधी धरायचं.

पहिली अंगणवाडी. अडीच वर्षांच्या लहान्याला सहा महिने ते तीन वर्षं या गटातला घरपोच आहार, म्हणजे टीएचआर, मिळाला पाहिजे. प्रमाण रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, वर्षाला ३०० दिवस. त्याला रेशनकार्डाची किंवा उत्पन्नाच्या दाखल्याची अट नाही. इथे अडलं ते पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या मोबाइल ॲपवर. टीएचआर देताना आता मोबाइलवर चेहऱ्याची ओळख घेतात आणि नोंद होती आईच्या चेहऱ्याची. अंगणवाडीताईंना मयताचा दाखला दाखवून पालक म्हणून बापाची किंवा आजीची नोंद करून घ्यावी लागते. याला एक चक्कर पुरते. पण बाप लोक अंगणवाडीच्या दारात जायला लाजतात आणि तेवढ्यावरून दोन-दोन महिने पाकिटं येत नाहीत. ताईंनी स्वतःहून निरोप धाडला तर काम लवकर होतं.

त्याच भेटीत लहान्याचा दंडघेर मोजून घ्यायचा. ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर मूल तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ च्या मधे असेल तर मध्यम. या मुलाचा घेर १२.१ धरू, म्हणजे पट्टीचा पिवळा भाग. त्याला दवाखान्यात भरती करायची गरज नाही, पण दर महिन्याला वजन आणि घेर बघायचाच. तीव्र कुपोषित निघाला असता तर आहाराचं प्रमाण ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनांचं होतं, शिवाय पुढे ग्राम बाल विकास केंद्र किंवा पोषण पुनर्वसन केंद्राकडे पाठवावं लागलं असतं.

दुसरी शाळा. पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम धान्याचं शिजवलेलं जेवण मिळतं, सहावी ते आठवीला १५० ग्रॅमचं. महिन्याला २२ दिवस शाळा धरली तर दोन्ही पोरांचं मिळून साडेपाच किलो धान्य शाळेत शिजतं. पण मुलगी घरी राहून लहान्याला सांभाळू लागली की त्यातलं ३.३ किलो बुडतं. अशा घरात सगळ्यात आधी हेच घडतं. म्हणून लहान्याची अंगणवाडी आणि मुलीची शाळा ही एकच गोष्ट समजून दोन्ही एकदम लावावी.

तालुक्याला खेपा घालायच्या दिवशी शिवभोजन केंद्र चालू असेल तर १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात मिळतो. थाळ्या मोजक्याच असतात, म्हणून तहसीलच्या खिडकीवर नंबर लावायच्या आधी जेवून घेतलेलं बरं.

घराला लागतं किती

बापाला दिवसाला ५५० ग्रॅम, मुलीला ३००, मोठ्या मुलाला २५०, आजीला २५० आणि लहान्याला १०० ग्रॅम धान्य धरलं तर रोजचं १,४५० ग्रॅम होतं, महिन्याचं साडेत्रेचाळीस किलो. शाळेतलं साडेपाच वजा केलं की घरात ३८ किलो हवं. कार्ड बंद असताना हे सगळं विकत घ्यायचं. ज्वारी ३५ रुपये किलो धरली तर १,३३० रुपये. पाच युनिटचं २५ किलो सुरू झालं तर उरलं १३ किलो, म्हणजे ४५५ रुपये. भाव इकडेतिकडे होतील, पण हिशेबाची रीत हीच. रेशनवर प्राधान्य कार्डाला नुसतं धान्य असतं, डाळ-तेल नाही. रोजची १५० ग्रॅम डाळ आणि महिन्याचं दोन लिटर तेल यालाच आठशेच्या आसपास जातात. पोरांच्या अंगाला जे लागतं ते नेमकं इथे कमी पडतं, म्हणून नुसतं धान्य सुरू करून काम संपत नाही.

कार्डाचं काम, क्रमाने

पहिला कागद मृत्यूचा दाखला. बायको गावात वारली असती तर ग्रामपंचायतीत मिळाला असता. पण ती तालुक्याबाहेरच्या सरकारी दवाखान्यात वारली. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, राहत्या गावात होत नाही. ग्रामसेवक "आमच्याकडे नोंद नाही" म्हणतात आणि माणूस समजतो की नोंदच झालेली नाही. दवाखान्याच्या नोंदणी विभागात जावं, जाताना डिस्चार्ज किंवा मयताचा कागद आणि तारीख न्यावी. दाखल्याच्या चार प्रती काढाव्यात: पुरवठा शाखा, अंगणवाडी, बालसंगोपन आणि एक घरात. दाखल्यावरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळतं का ते खिडकीवरच वाचून घ्यावं. आधारवर माहेरचं नाव आणि कार्डावर सासरचं, ही चूक नेहमीची आहे. ती नंतर सापडली तर आणखी एक खेप आणि एक प्रतिज्ञापत्र वाढतं.

दुसरा कागद लहान्याचा जन्मदाखला. हा मुलगा हंगामात, कारखान्याच्या पट्ट्यातल्या सरकारी दवाखान्यात जन्मला. तिथे जन्म झाला म्हणजे नोंद झालेली असते, फक्त प्रत आणायची राहिलेली असते. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, जन्मलेल्या पोराचं काम अवघड. २१ दिवसांत नोंद झाली नाही तर पुढे विलंबशुल्क लागतं, आणि वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, म्हणून याला बगल देता येत नाही. दाखल्यावरून बाल आधार निघतं. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात, त्यामुळे "लहान्याचा थंब लागत नाही" म्हणून त्याचं नाव अडवणं चूक आहे.

मग तहसीलची पुरवठा शाखा. नाव कमी करायचा अर्ज नमुना ९, नाव वाढवायचा नमुना ८. हे दोन्ही आणि प्रमुख बदलायचा अर्ज एकाच दिवशी, एकत्र द्यायचे. राज्याला अन्न सुरक्षेखाली सुमारे सात कोटी लाभार्थ्यांची कमाल मर्यादा आहे, ती २०११ च्या जनगणनेवर ठरलेली. तालुक्याला त्यातला वाटा येतो, त्यालाच इष्टांक म्हणतात. इष्टांक भरला की नवीन नाव चढत नाही. आज बायकोचं युनिट कमी केलं आणि लहान्याचं नाव वाढवायला दोन महिन्यांनी गेलं, तर मधल्या काळात ती मोकळी झालेली जागा दुसऱ्या कुणाला गेलेली असू शकते. एकत्र अर्ज असेल तर "याच कार्डावरचं एक गेलं, एक आलं" हे कारकुनाला समोर दिसतं.

मयताचं युनिट तसंच ठेवून पाच किलो उचलत राहायचा सल्ला गावात मिळतो. तो ऐकू नये. त्या नावाची ई-केवायसी कधीच होणार नाही, आणि तपासणीत सापडलं तर अख्ख्या घराचं कार्ड संशयात येतं.

अर्ज सेतूवरून किंवा आपले सरकार केंद्रावरून ऑनलाइन भरला तरी पावती हातात घ्यावी. पावतीवर अर्ज क्रमांक आणि तारीख हवी. तोंडी "होऊन जाईल" याला काही किंमत नाही. "इष्टांक नाही" असं उत्तर आलं तर तेवढंच लेखी मागावं. लेखी मागितलं की पुष्कळदा यादी पुन्हा उघडून बघितली जाते.

ई-केवायसीत तीन माणसं अडली. बापाचे ठसे जुळेनात: कोयत्याच्या मुठीने उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी घासून गुळगुळीत झालेली, पाचटाने बोटांना बारीक चिरा पडलेल्या. अशा वेळी हात कोमट पाण्याने धुवून कोरडे पुसावेत, तेल किंवा व्हॅसलीन लावून जाऊ नये, आणि अंगठ्याचा हट्ट न धरता दहाही बोटं लावून बघावीत. बहुतेकदा डाव्या हाताची करंगळी किंवा अनामिका लागते, कारण तिच्यावर भार येत नाही. जे बोट लागलं ते लक्षात ठेवावं, दर महिन्याला तेच द्यावं. एकही लागलं नाही तर डोळ्याच्या बुबुळाचं यंत्र किंवा आधार केंद्रावर बायोमेट्रिक नवीन करून घेणं. आठ वर्षांच्या मुलाचं आधार लहानपणी काढलेलं, पाचव्या वर्षी करायचं बायोमेट्रिक राहिलेलं, म्हणून त्याचा ठसा यंत्राला माहीतच नव्हता. मुलीचं आधार ठीक होतं, फक्त कार्डाला जोडताना एक आकडा चुकलेला. ही चूक दुकानातल्या यंत्रावर दिसत नाही, पुरवठा शाखेच्या संगणकावर दिसते.

आजीचं नाव कुठे ठेवायचं

या घराचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे आणि तो सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. थोरल्या भावाचं कार्ड पिवळं, अंत्योदयचं आहे. अंत्योदयला माणसं कितीही असोत, महिन्याला कार्डामागे ३५ किलो. प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो. म्हणजे आजीचं नाव भावाच्या कार्डावरून काढलं तर भावाचं एक दाणाही कमी होत नाही, आणि धाकट्याच्या कार्डावर चढवलं तर पाच किलो वाढतं. आजी इथेच राहते, त्यामुळे हे खरंही आहे.

मात्र दोन गोष्टी आधी बघाव्यात. भावाला अंत्योदय मिळालं ते आजीच्या वयामुळे किंवा विधवा असण्यामुळे मिळालं असेल, तर तिचं नाव काढल्यावर त्याच्या कार्डाची फेरतपासणी होऊ शकते. हे भावाला सांगितल्याशिवाय पाऊल उचलू नये, नाहीतर पाच किलोसाठी भाऊबंदकी उभी राहते. दुसरं, आजी आली की कायद्याप्रमाणे तीच प्रमुख होणार. मग बापाला प्रमुख करायचा खटाटोप कशाला? तर आजीचं नाव आधी तिकडे कमी करून इकडे वाढवेपर्यंत वेळ जातो, तोवर कार्ड बंदच राहील. म्हणून आधी बापाच्या नावाने कार्ड चालू करून २० किलो सुरू करावं, आणि आजीचं काम त्यामागून. या घरात एप्रिलच्या शेवटी दिलेल्या अर्जावर जूनमध्ये धान्य सुरू झालं आणि आजीचं युनिट पोळ्याच्या सुमाराला चढलं, असा हिशेब धरता येतो.

केशरी कार्डाबद्दल मराठवाड्यात एक गोंधळ हटकून होतो. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी रोख रक्कम मिळते: जानेवारी २०२३ पासून १५० रुपये, पुढे १७० रुपये. प्राधान्य शिक्का असलेल्या केशरी कार्डाला ते लागू नाही, त्याला धान्यच मिळतं आणि तेही फुकट. कुणी "तुमचं पैशात गेलं" म्हटलं तर कार्डावरचा शिक्का आणि १२ अंकी आरसी (रेशनकार्ड) नंबर दाखवून विचारावं. रोख रकमेच्या यादीतल्या घरात बाई वारली असेल तर तिच्या खात्यात पैसे अडकतात, तिथे खातं बदलायचा अर्ज वेगळा करावा लागतो.

डाळ-तेलाचा पैसा

संजय गांधी निराधार योजनेत बाप नुसता विधुर म्हणून बसत नाही. त्याच्या मुलांसाठीची वाट क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची आहे: एक पालक गेलेल्या, १८ वर्षांखालच्या बालकाला महिना २,२५० रुपये. ही योजना विधवांचीच आहे असा समज आहे, म्हणून विधुर बाप अर्जच करत नाहीत. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात, सोबत मृत्यूदाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मुलांची आधार आणि बोनाफाइड, रेशनकार्डाची झेरॉक्स, बँक पासबुक, आणि मुलांसोबत घरासमोर काढलेला फोटो. पुढे गृहचौकशी होते आणि बाल कल्याण समिती आदेश देते. एका घरातल्या किती मुलांचा प्रस्ताव घेतात ते कार्यालयात आधी विचारून घ्यावं. गृहचौकशीला माणूस आला आणि बाप कोयत्यावर असला की फाईल मागे पडते, म्हणून हे काम पावसाळ्यातच उरकायचं. पैसे दर महिन्याला वेळेवर येतीलच असं धरून किराणाची उधारी वाढवू नये.

पुढच्या हंगामाआधी

खरी परीक्षा दसऱ्यानंतर. बापाने मुलगी सोबत नेली तर तिचं शाळेतलं जेवण बुडतं आणि शाळाही सुटते. शाळेच्या व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहाच्या यादीत दोन्ही मोठ्या मुलांची नावं सर्वेक्षणाच्या वेळीच गेली पाहिजेत. मग मुलं गावात राहतात, आणि सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय होते. टोळी निघाल्यावर नाव द्यायला गेलं तर संख्या ठरून गेलेली असते.

धान्य दोन ठिकाणी उचलायचं. 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे सांगली-कोल्हापूरकडे किंवा बेळगावकडेही आधार आणि ठशावर धान्य मिळतं. कार्डाची वही लागत नाही, आरसी नंबर पुरतो. पाच युनिटच्या २५ किलोंतलं १० किलो बापाने तिकडे घ्यायचं आणि १५ किलो आजीने गावात. यंत्रावर किती किलो घ्यायचं ते दुकानदाराला आधी सांगावं, नाहीतर तो सगळ्या २५ ची पावती काढतो आणि गावात आजीला रिकाम्या हाताने यावं लागतं. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जावं: तिथल्या दुकानाला माल स्थानिक कार्डांच्या मापाने येतो, टोळ्यांची गर्दी झाली की शेवटी संपतो. "बाहेरचं कार्ड चालत नाही" असं कुणी म्हटलं तर दुकानातूनच १९६७ किंवा १८००-२२-४९५० ला फोन लावावा. तेवढ्याने नाही झालं तर तहसीलदारांकडे आणि जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, त्यावर राज्य अन्न आयोग.

आजीचे ठसेही वयाने पुसट झालेत. म्हणून दिवाळीच्या आत एकदा गावच्या दुकानात तिचं लागणारं बोट शोधून ठेवायचं, आणि मुलीचाही ठसा लागतो का ते बघायचं. कार्डावरचा कुठलाही ई-केवायसी झालेला माणूस धान्य उचलू शकतो. नोव्हेंबरची पहिली पावती निघाली की ती नीट वाचावी: तारीख, युनिट ५, घेतलेलं १५ किलो, शिल्लक १०.